भरलेली ट्रॉली उतारावरून खाली आणताना

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की सातारा-सांगलीत ट्रॅक्टर हातात घेणाऱ्या नव्या पोरांना सल्ला देणारे पायलीचे पन्नास भेटतात. त्यातला सगळ्यात घातक सल्ला म्हणजे ‘उतारावर न्यूट्रल मार, डिझेल वाचतं.’ असं सांगणाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसूसुद्धा नका.

ट्रॉलीचं पासिंग, विमा, मागचे दिवे हे सगळं झालेलं आहे असं धरतो. रेडियमच्या पट्ट्या मात्र मागं आणि दोन्ही बाजूंना हव्यात, आणि उसाच्या लोंबत्या वाड्यांनी (शेंड्यांनी) झाकलेल्या नकोत. टेपच्या कर्ण्यांवर हजारो रुपये घालायचे आणि रेडियमला हात आखडायचा, हे आपल्याकडंच चालतं.

जोडणी खालच्या हुकातच करा. टॉप लिंकच्या, म्हणजे वरच्या जोडदांडीच्या जागी ट्रॉली कधीही अडकवू नका. ओढ उंचावरून बसली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागं उलटू शकतो. पिनेला क्लिप घाला, वर साखळीही लावा. दोनचाकी ट्रॉलीत मोळ्या जरा पुढच्या अंगाला जास्त ठेवा. सगळं वजन मागं गेलं तर ट्रॉलीचा दांडा वर उचलतो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांची पकड जाते. फार पुढं आलं तर स्टेअरिंग हलकं पडतं.

आता उतार. पाटण खोरं असो की शिराळ्याकडची चढउताराची वाट, इथं ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढत नसतो, ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलत असते. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, म्हणजे मागचं सगळं वजन ट्रॅक्टरच्याच ब्रेकवर येतं.

म्हणून उतार लागायच्या आधी, माथ्यावरच थांबा. दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी पट्टी बसलीय का ते हातानं चाचपून बघा. शेतात वळायला ती काढलेली असते आणि तशीच विसरून माणूस रस्त्यावर येतो. मग घाईत एकाच पेडलवर पाय पडला की एकच चाक अडकतं आणि ट्रॅक्टर गर्रकन त्या बाजूला फिरतो.

गिअर तिथंच टाका. भरल्या ट्रॉलीनिशी हा चढ ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. शंका आली तर आणखी एक खालचा. हाताचा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण कमी करा, पाय क्लचवरून काढून बाजूला ठेवा. अर्ध्या उतारावर गिअर बदलायला जाऊ नका. क्लच दाबला किंवा न्यूट्रल मारला की इंजिनाचा लगाम सुटतो, वेग वाढतो आणि मग खालचा गिअर नुसता करकरतो, पडत नाही. तोवर वळण आलेलं असतं.

ब्रेक सतत दाबून धरू नका, तापून ढिले पडतात. वेग वाढतोय असं वाटताच दाबा, कमी झाला की सोडा. आणि जे काय दाबायचं ते वळणाआधी, सरळ रस्त्यावर. वळणात जोरात ब्रेक मारला तर ट्रॉली सरळच जायला बघते आणि ट्रॅक्टर तिच्यापुढं कात्रीसारखा दुमडतो. मागून असा तिरपा रेटा जाणवला तर ब्रेकवर आणखी उभं राहायचा मोह होतो. नेमकं उलट करा: ब्रेक सोडा, पुढं जागा असेल तर किंचित रेस द्या. ट्रॉली ओढीत येऊन सरळ झाली की मग हळूहळू ब्रेक. हे एकदा रिकाम्या ट्रॉलीनं, मोकळ्या उतारावर, शेजारी जुना ड्रायव्हर बसवून अंगवळणी पाडून घ्या.

डबल ट्रॉली असेल तर मोठ्या उताराची वाट धरूच नका, लांबचा रस्ता घ्या. पोचायला दोन तास उशीर झाला तरी कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागतोच.

पेठ नाक्यासारख्या ठिकाणी हायवेवर थेट घुसू नका, सर्व्हिस रोडनं जा. रिव्हर्स घेताना खाली एक माणूस उभा करा आणि तो दिसेनासा झाला की थांबा.

रस्त्यात बंद पडलात तर ट्रॉली डांबराच्या खाली घ्या, चाकाला मागून-पुढून दगड लावा, मागं लांबवर खूण ठेवा. आणि निघताना ते दगड स्वतःच्या हातानं उचलून गटाराच्या पलीकडं टाका. क्लीनरवर सोडू नका, तो आधीच दांड्यावर चढून बसलेला असतो.