खणायचं की पुढे जायचं? अर्धवट सिग्नलांची पारख

मेटल डिटेक्टरने जमिनीतली जुनी नाणी शोधताना स्वच्छ सिग्नलबद्दल कुणाला काही सांगावं लागत नाही. कॉइल (दांड्याच्या टोकाची चकती) फिरवली, जाताना-येताना तोच गोल सूर आला, पडद्यावरचा धातू सुचवणारा आकडा जागचा हलला नाही, की फावडं आपोआप जमिनीत जातं. घोळ होतो तो अर्धवट सिग्नलांचा. जाताना टिंग, परतताना खरखर. आकडा आधी ११, मग २२, मग थेट उणे. इंग्लंडमध्ये सफकच्या नांगरलेल्या शेतांत (मालकाच्या परवानगीनेच, तिच्याशिवाय पाऊल टाकायचं नाही) असे सिग्नल पावलोपावली लागतात, आणि डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो. ‘वाजेल ते सगळं खणा’ हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही.

माझ्याकडे मायनलॅब इक्विनॉक्स ८०० हा डिटेक्टर आहे. त्याचे आकडे उणे ९ ते ४०: उणे म्हणजे बहुधा लोखंड, वरचे म्हणजे चांदीसारखे धातू. तुमच्या मशीनचे वेगळे असतील, पण आकड्याला मी तसंही दुय्यम मानतो. आधी कान.

सिग्नल लागला की कॉइल आखूड आखूड फिरवत त्याच जागेभोवती चाला आणि काटकोनात येऊन पुन्हा ऐका. मडकं घेताना टिचकी मारून ऐकतो तसंच हे: खणखणीत की बद्द? दोन्ही दिशांनी सूर टिकला, तर आकडा दोन-तीनने हलला तरी मी खणतो. काटकोनात सूर पार मेला आणि मागे लोखंडाची घरघर उरली, तर बहुधा गंजका खिळा. वाकडा खिळा टोकांशी हमखास उंच सूर देतो. नाल, वायसर, पत्र्याचा तुकडा हे सपाट लोखंड तर चांदीची हुबेहूब नक्कल करतं.

‘बहुधा’ म्हणतो, कारण कडेवर उभं राहिलेलं नाणंही एका दिशेनेच नीट बोलतं आणि खिळ्याशेजारी पडलेलं नाणंही. इथे घाई करू नका. नालेचं चित्र असलेलं बटण दाबा, म्हणजे लोखंडाचा आवाज दाबणारी गाळणी उठते आणि लोखंड कुठे आहे ते उघड ऐकू येतं. मग पिनपॉइंट करा, म्हणजे वस्तूचा नेमका मध्य दाखवणारी सोय वापरा. उंच सूर एका जागी आणि पिनपॉइंटचा मध्य चार बोटं बाजूला, असं असेल तर तो सूर खिळ्याच्या टोकाचा. पण लोखंड एका अंगाला घुरघुरतंय आणि उंच सूर दुसऱ्या अंगाला आपली जागा धरून आहे, कॉइल अगदी हळू नेली तरी तिथेच आहे, तर तो खणाच. मला मिळालेली बरीचशी पातळ चांदी अशाच जागांतून निघाली. आधीचे लोक तिथून पुढे गेले होते.

तरीही शंका उरली तर मल्टी (एकाच वेळी अनेक वारंवारिता) सोडून फक्त ५ किलोहर्ट्झवर ऐका, मग २० वर. सूर पार बदलला तर माझा विश्वास उडतो. आणि यातलं कशानेच ठरेना, तर माझा सगळ्यात आवडता उपाय: चार बोटं माती अलगद बाजूला करा आणि पुन्हा कॉइल फिरवा. खरी वस्तू जवळ आल्यावर स्पष्ट होते. गंजाचा सूर मात्र माती हलताच विस्कटतो, कधी नाहीसाच होतो. मग खड्डा बुजवून पुढे जायचं.

मधल्या आकड्यांचं दुखणं वेगळं. १२७९ मध्ये पहिल्या एडवर्डने गोल फार्दिंग (पाव पेनीचं नाणं) काढण्याआधी लोक चांदीची पेनी मागच्या क्रॉसवरून कापून अर्धी किंवा चतकोर वापरत. तो चतकोर जेमतेम एक तृतीयांश ग्रॅमचा, आणि त्याचा सूर ॲल्युमिनियमच्या चिंध्यांसारखाच. मशीन हा भेद करूच शकत नाही. जागा बघावी लागते. जुन्या चर्चकडे जाणारी पायवाट, नकाशावर जत्रेचं मैदान असलेली जागा: तिथे लोखंड सोडून मधला प्रत्येक सिग्नल खणा. याउलट ज्या शेतात हिरव्या कचऱ्याचं कंपोस्ट पसरलंय, तिथे डब्यांचे चुरे इतके असतात की मी मधले आकडे मुकाट्याने सोडतो.

कॉइल वीतभर उचलूनही सिग्नल ओरडतच असेल तर वस्तू मोठी आहे: डबा किंवा नांगराचा फाळ. या भागात दुसऱ्या महायुद्धातले विमानतळ जागोजाग होते. लांबट, जड, गंजलेलं काही दिसलं तर तो न फुटलेला बॉम्बही असू शकतो; हात न लावता मागे व्हा आणि ९९९ या तिथल्या आणीबाणीच्या नंबरला फोन करा.

न खणण्याचं याहून महत्त्वाचं कारण म्हणजे खोली. नांगर पोचतो तिथपर्यंतची माती आधीच ढवळलेली असते. त्याखालचा थर अस्पर्श असतो आणि वस्तू तिथे कशी ठेवली होती, ही माहिती फक्त त्यातच असते. सिग्नल त्या थरात उतरला, किंवा एकामागून एक नाणी यायला लागली, की फावडं बाजूला ठेवा आणि जिल्ह्याच्या फाइंड्स लायझन ऑफिसरला (सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवा. १९९२ मध्ये सफकमधल्याच हॉक्सन गावी एरिक लॉज शेतकऱ्याची हरवलेली हातोडी शोधत होते आणि लागला रोमन खजिना. ते वेळीच थांबले, म्हणून पुरातत्त्वज्ञांना सुमारे १५,००० नाणी आणि सोन्याचांदीच्या वस्तू रचून ठेवलेल्या जागीच पाहता आल्या. खजिना ठरू शकेल अशी वस्तू १४ दिवसांत कॉरोनरला (अशा खजिन्यांची चौकशी करणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्याला) कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना कळकळीने सांगतो: हे वाचून डिटेक्टर घेऊन गडावर जाऊ नका. संरक्षित स्मारकाच्या आवारात परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे, आणि १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

सोडलेल्या सिग्नलांपैकी ज्यांची रुखरुख राहते त्यांची जागा मी फोनमध्ये नोंदवतो, शेजारी दोन शब्द: ‘एका दिशेने चांगला’, ‘खिळ्यालगत’. नांगरट झाली की माती उलटते. उभं नाणं आडवं होतं, खिळा दूर जातो. पुढच्या हंगामात पहिला पाऊस मुरला की मी आधी त्याच जागांभोवती फिरतो.