लोकांनी भरायचा नकाशा बनवताय? या चुका टाळा

किल्ल्यांवरच्या पाण्याच्या टाक्यांचा नकाशा, गावातल्या विहिरींचा नकाशा, शहरातल्या स्वच्छतागृहांचा नकाशा. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी असं काहीतरी करायला घेतं आणि "जरा बघता का?" म्हणून लिंक पाठवतं. हौस उत्तमच आहे, पण चुका त्याच त्या. लीफलेट (वेबपानावर नकाशा दाखवणारी तयार लायब्ररी) घेतलं, चार पिना टोचल्या, अर्ध्या तासात नकाशा उभा राहिला की काम संपत आलं असं वाटतं. प्रत्यक्षात नकाशा दाखवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. तो अनोळखी दहा जणांच्या हातात दिला की खरं काम सुरू होतं.

शेवटी आलेली नोंद खरी धरणं

या चुकीवर माझा विशेष राग आहे, म्हणून आधी हिच्याबद्दल.

नवशिके काय करतात, तर प्रत्येक टाक्याला डेटाबेसमध्ये एक ओळ देतात. कुणी बदल केला की जुनं पुसायचं, नवं लिहायचं. बनवणारा एकटाच वापरतोय तोवर सगळं सुरळीत.

ओळखीतल्या एका मुलाने टाक्यांचा नकाशा असाच केला होता. एप्रिल महिना. जुन्नर भागातल्या एका किल्ल्यावर शनिवारी एक जण गेला. त्याने फक्त वाटेची माहिती सुधारली, 'पायऱ्या तुटल्यात, उजवीकडून जा' एवढंच. वर रेंज नव्हती, त्यामुळे नोंद फोनमध्येच पडून राहिली. रविवारी दुसरा गट गेला, तर टाक्यात वानर मरून पडलेलं. खाली उतरल्यावर त्यांनी इमानदारीने 'पाणी पिऊ नका' अशी नोंद केली. सोमवारी पहिल्याने ऑफिसात ॲप उघडलं आणि अडकलेली नोंद वर गेली. ॲप फक्त बदललेली माहिती नव्हे, अख्खा फॉर्म पाठवत होतं. त्यात पाण्याची जुनी माहिती होतीच. टाकं पुन्हा 'पिण्यायोग्य' झालं.

पुढच्या शनिवारी एक गट त्या भरवशावर कमी पाणी घेऊन चढला. वास आला म्हणून कुणी प्यायलं नाही, पण भर उन्हात घसा कोरडा ठेवून सगळे खाली आले. मग शोधाशोध. इतिहास कुठेच साठवलेला नव्हता, त्यामुळे त्या मुलाने रविवारच्या गटावरच खोटेपणाचा आळ घेतला आणि त्यांचं खातं बंद केलं. फोन विमान मोडवर टाकून तोच प्रकार स्वतः करून पाहिला, तेव्हा कुठे उलगडा झाला. तोवर ती माणसं दुखावली गेली होती, ती परत आली नाहीत.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे प्रत्येक ओळीला आवृत्ती क्रमांक. फोनने 'मी तिसरी आवृत्ती पाहून बदल करतोय' असं सांगायचं आणि सर्व्हरवर चौथी असेल तर सर्व्हरने नकार द्यायचा. ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनीच भरलेला जगाचा खुला नकाशा) हेच करतं, ४०९ क्रमांकाची चूक परत पाठवतं. मी मात्र बदलणारी माहिती एकमेकांवर लिहूच देत नाही. टाकं एका टेबलात, पाहणी दुसऱ्यात. कुणी पाहिलं, काय पाहिलं, आणि दोन वेळा: पाहिल्याची वेगळी, सर्व्हरला पोचल्याची वेगळी. दाखवायची ती पाहिल्याच्या वेळेनुसार ताजी असेल ती, आणि तारीख ठळक. 'पाणी आहे' यापेक्षा '१२ एप्रिलला पाणी होतं' हे डोंगरात जास्त उपयोगी पडतं. आणि खोडणं म्हणजे नुसती खूण करणं. ओळ उडवायची नाही.

"हे नंतर टाकू की" असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की न साठवलेला इतिहास नंतर आणता येत नाही.

अक्षांश-रेखांशाची उलटापालट

लीफलेटला आधी अक्षांश लागतो. जिओजेसनमध्ये (नकाशाचा डेटा लिहायची पद्धत) आधी रेखांश. पोस्टजीआयएसमध्ये (नकाशाचा डेटा सांभाळणारा डेटाबेस) बिंदू बनवतानाही आधी रेखांश. ही तीन वाक्यं भिंतीवर चिकटवा. पुण्याचे १८.५२ आणि ७३.८५ उलटे पडले की पिन नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या दक्षिणेच्या समुद्रात जाते. लोकेशन रिकामंच आलं आणि कुणी ते शून्य धरलं, तर आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात.

आपल्याकडे हे पकडणं अगदी सोपं आहे. भारतात अक्षांश ३८ च्या वर जात नाही आणि रेखांश ६८ च्या खाली येत नाही, त्यामुळे उलटी जोडी लगेच ओळखू येते. तपासणी सर्व्हरवर ठेवा, नुसती ब्राउझरमध्ये नको. काही जण उलटी जोडी गुपचूप सुलटी करून घेतात. मला ते पटत नाही. उलटी जोडी आली म्हणजे कोडमध्ये कुठेतरी गोंधळ आहे. नोंद नाकारा आणि गोंधळ शोधा.

फुकट ते आपलंच समजणं

ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा खुला आहे, पण नकाशाचे चौकोनी तुकडे, म्हणजे टाइल्स, पुरवणारे त्यांचे सर्व्हर देणग्यांवर चालतात. ऑफलाइन नकाशा हवा म्हणून तिथून अख्ख्या सह्याद्रीच्या टाइल्स ओढल्यात तर ब्लॉक व्हाल, आणि ते योग्यच होईल. नॉमिनॅटिमच्या (नावावरून जागा शोधून देणारी त्यांची सेवा) सार्वजनिक सर्व्हरवर सेकंदाला एकच विनंती चालते, आणि टाइप करता करता नावं सुचवायला तो वापरायचाच नाही. जिओफॅब्रिक ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा विभागवार देतं, त्यांच्याकडून भारताच्या पश्चिम विभागाचा डेटा उतरवून घ्या, आपल्या भागाची पीएमटाइल्सची (सगळ्या टाइल्स एकत्र ठेवणारी) एकच फाइल बनवून स्वतःच्या जागेवर ठेवा. एक शनिवार-रविवार जाईल, जाऊ दे. नकाशाच्या कोपऱ्यातला ओपनस्ट्रीटमॅपला श्रेय देणारा मजकूर 'डिझाइनमध्ये बसत नाही' म्हणून काढणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, सरळ मदत बंद करतो.

बाकीच्या, थोडक्यात

फोटो जसाच्या तसा साठवू नका. त्यात फोटो काढल्याची जागा लपलेली असते. कुणी घरी बसून टाक्याऐवजी भलताच फोटो चढवला तर त्याच्या घराचा पत्ता जगजाहीर.

फोन जागेसोबत अचूकतेचा आकडाही मीटरमध्ये देतो, तो साठवा. कड्याखाली जीपीएस भरकटतं.

'१०० मीटरच्या आत दुसरं टाकं आहे का' हे वेब मर्केटरमध्ये, म्हणजे वेब नकाशे पृथ्वी सपाट करून दाखवतात त्या पद्धतीत, मोजू नका. आपल्या अक्षांशावर अंतर ५ टक्क्यांहून थोडं जास्तच भरतं.

लोकेशन चालत नाही म्हणून रात्र घालवण्याआधी साइटचा पत्ता एचटीटीपीएस आहे का ते बघा, नसेल तर ब्राउझर लोकेशन देतच नाही.

व्हेक्टर टाइल्स (तयार चित्राऐवजी रेषा आणि नावं पाठवणाऱ्या, चित्र फोनवर काढलं जातं) वापरत असाल तर देवनागरी जोडाक्षरं फुटताहेत का, ते आधी बघा. 'हरिश्चंद्रगड' लिहून पाहिलं की कळतं.

देशाची सीमा हलक्यात घेऊ नका. ओपनस्ट्रीटमॅपच्या नेहमीच्या नकाशात काश्मीरची रेषा प्रत्यक्ष ताब्यानुसार असते, आणि सर्व्हे ऑफ इंडियाशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. मी सीमेचा थरच बंद ठेवतो आणि नकाशा सह्याद्रीबाहेर सरकू देत नाही.

रिकामा नकाशा लोकांसमोर आणणं

"लोक येतील आणि भरतील." नाही भरत. एका तालुक्यातले किल्ले आधी स्वतः पुरते भरा, मग ओळखीच्या एखाद्या ट्रेकिंग ग्रुपला द्या. सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदम टाकायची घाई नको. आणि टाक्यांचा नकाशा जुलैत आणू नका, पावसात सगळीकडेच पाणी असतं, कोण बघणार? फेब्रुवारीत आणा. तोवर डेटाबेसचा बॅकअप रोज दुसऱ्या जागी जातोय ना, आणि त्यातून सगळं परत उभं करता येतं ना, हे एकदा करून बघा.