न्यूरो रिहॅबसाठी लांब जाताय? आमच्या या चुका टाळा

बाबांना स्ट्रोक येऊन पॅरालिसिस झाला आणि ठाण्यात, आमच्या नौपाड्यात जो भेटेल तो एकच सांगायला लागला, तामिळनाडूत वेल्लोरला, सीएमसी हॉस्पिटलात न्या, तिथे न्यूरो रिहॅब, म्हणजे लुळ्या पडलेल्या माणसाला पुन्हा हालचाल शिकवणारे उपचार, चांगले होतात. नेलं, फायदाही झाला, पण जे घोळ घातले ते दुसऱ्या कुणी घालू नयेत म्हणून लिहितेय.

पहिला घोळ म्हणजे जवळचं बघितलंच नाही. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची रिहॅबची संस्था आहे, १९५५ पासूनची, आणि आम्हाला पत्ताच नव्हता. स्ट्रोकनंतर सुधारणा सगळ्यात जास्त होते ती पहिल्या ३ ते ६ महिन्यांत, आणि आम्ही त्यातले सात आठवडे तिकडच्या तारखेची वाट बघत बाबांना नुसतं झोपवून ठेवलं. लांब जायचंच असेल तर जा, पण तोवर इथे फिजिओ सुरू ठेवा.

पेशंटला ठाण्याला गाडीत चढवू नका. गाडी थांबते दोन-तीन मिनिटं, व्हीलचेअर डब्यात शिरत नाही म्हणजे उचलणं आलं, आणि त्या गडबडीत दादाने बाबांचा लुळा हात धरून ओढला. लुळ्या बाजूचा खांदा पटकन निखळतो हे कुणाला माहीत? पुढे कित्येक दिवस व्यायामापेक्षा खांद्याचंच दुखणं जास्त. गाडी सुटते त्या स्टेशनवर जा, निवांत चढवा. सवलतीचं रेल्वेचं दिव्यांग कार्ड आधी काढून ठेवा, थर्ड एसीला ७५ टक्के, सेकंड एसीला ५०, सोबतच्या एकालाही तेवढीच. आम्ही हॉस्पिटलचा कागद घेऊन खिडकीवर गेलो आणि हात हलवत परत आलो.

वेल्लोरसाठी उतरायचं काटपाडी स्टेशनला. आम्ही लॉज घेतला गावातल्या मुख्य हॉस्पिटलजवळ आणि रिहॅब निघालं तिथून लांब, बागायम नावाच्या भागात, म्हणजे रोजची रिक्षा. आधी बिल्डिंग विचारा, मग लॉज.

पण खरी चूक ही की ॲडमिट केलं की तेच बरं करून पाठवतील असं वाटलं. (ओटीला न्यायचंय म्हटल्यावर आईने देव पाण्यात ठेवले, तिला वाटलं ऑपरेशन. ती ऑक्युपेशनल थेरपी होती.) तिथे घरच्यांनाच शिकवतात, बेडवरून खुर्चीत कसं घ्यायचं, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, ठसका न लागता कसं भरवायचं. आणि आम्ही रजा संपेल तसे माणसं बदलत राहिलो, मी गेले, मग दादा, मग वहिनी, त्यामुळे प्रत्येकाचं शिक्षण अर्धवट. सगळ्यात जास्त शिकली वहिनी आणि घरी आल्यावर रात्री उठायची वेळ माझ्यावर, मग दोन वाजता तिला व्हिडिओ कॉल, आता पाय कुठे ठेवू म्हणून. घरी जो करणार आहे त्यालाच पाठवा.

आणि निघण्याआधी घरातल्या दारांची मापं घ्या, फोटो काढून थेरपिस्टला दाखवा. आमची नवी व्हीलचेअर २५ इंच आणि बाथरूमचं दार २४. सुतार गणपती झाल्यावर येतो म्हणाला, तोवर बाबांची अंघोळ हॉलमध्ये, प्लास्टिक अंथरून.