मोठी पेटी तयार आहे, आता अजगर कोणता?

खोलीच्या एका भिंतीला आठ फूट लांब, तीन फूट खोल आणि चार फूट उंच पेटी बसेल असा हिशेब जमला, की डोळ्यांसमोर येतो तो भलामोठा अजगर. तयारीच्या यादीत सगळ्यात वर मी हे लिहीन: जागा मोठी आहे, हे मोठा साप आणण्याचं कारण नव्हे. आठ फुटांच्या पेटीत सहा फुटांचा अजगर चढतो, उतरतो, ऊब आणि गारवा निवडतो, हवं तेव्हा पूर्ण लांब होतो. पंधरा फुटांचा अजगर त्याच पेटीत वेटोळं घालून पडून राहतो आणि आपण म्हणतो, किती शांत आहे! त्याला दुसरं काही करायला जागाच नसते.

म्हणून आधी टेप घ्या आणि पेटीची आतली मापं कागदावर लिहा. बाहेरच्या मापातून फळ्यांची जाडी, दिव्यांच्या जाळ्या आणि मातीचा थर वजा झाला की जे उरतं तेवढंच सापाचं. पेटीची लांबी आणि खोली मिळून सापाच्या लांबीइतकी झाली तरी पुरे, असा जुना ठोकताळा आहे. मला तो अपुरा वाटतो. पेटीची नुसती लांबीच पूर्ण वाढलेल्या सापाइतकी हवी. या हिशेबाने आठ फुटांच्या पेटीत आठ फुटांपर्यंतचा साप बसतो. पिल्लाची लांबी धरू नका, आईबापांची विचारा. अजगरांमध्ये मादी साधारणपणे नरापेक्षा मोठी होते, तेव्हा पेटी जेमतेम असेल तर नर पाहा.

मापं लिहून झाली की कायदा. सगळे अजगर साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत. बहुतेक दुसऱ्या परिशिष्टात, तर भारतीय अजगर पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात. त्यावर प्रत्येक देशाचे, कधी कधी शहराचे किंवा सोसायटीचेही नियम असतात. कोणती जात पाळता येते, परवाना लागतो का, नोंद कुठे करायची, हे लेखी उत्तर हातात आल्याशिवाय पुढच्या ओळीवर जाऊ नये. रानातून पकडलेला साप तर कोणत्याही कारणाने नको.

आता जात. इथे घाई करू नका, सगळी मजा आणि सगळी जोखीम इथेच आहे.

चार फूट उंची असलेल्या पेटीसाठी माझी पहिली पसंती ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतल्या कार्पेट अजगराला. हा साप जमिनीवर राहतो आणि झाडावरही, त्यामुळे पेटीची सगळी उंची तो खरोखर वापरतो. संध्याकाळ झाली की फांदीवरून अर्धं अंग खाली सोडून बसलेला कार्पेट तासन् तास पाहत बसावं असा असतो. क्वीन्सलंडच्या पावसाळी रानातला जंगल कार्पेट साधारण पाच ते सात फुटांचा, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा. किनाऱ्यालगतचा कोस्टल कार्पेट सात ते नऊ फूट, क्वचित त्याहून मोठा, म्हणून आठ फुटांच्या पेटीत कोस्टल मादी घेताना दोनदा विचार करा. पिल्लं फटकन चावतात. बहुतेक मोठेपणी निवळतात, पण तोवर धीर ठेवायची तयारी हवी. त्यांचाच भाऊबंद असलेला डायमंड अजगर दिसायला देखणा, पण तो थंड प्रदेशातला. त्याला रात्रंदिवस ऊब दिली तर तब्येत बिघडते. पहिला साप म्हणून तो नको.

बॉल अजगर तीन ते पाच फुटांचा, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. 'तो भित्रा, त्याला छोटा डबाच आवडतो' हे इतक्या वेळा सांगितलं गेलंय की लोकांना ते खरं वाटू लागलंय. त्याला भीती वाटते ती उघड्यावर पडण्याची. मोठ्या जागेत जागोजागी आडोसा दिला तर तो रात्री सगळी पेटी फिरून येतो, फांद्यांवरही चढतो. रानातल्या बॉल अजगरांच्या, विशेषतः नरांच्या, पोटात पक्षी सापडले आहेत. ते जमिनीवरच्या बिळात बसून तर मिळाले नसणार! रंगाच्या नाना तऱ्हा विकायला असतात. त्यातली 'स्पायडर' नावाची तऱ्हा घेऊ नका. तिच्या जनुकासोबत आतल्या कानातला दोष येतो, त्यामुळे डोकं डुगडुगतं, साप उलटा होतो, भक्ष्यावरचा नेम चुकतो. नक्षी सुंदर आहे म्हणून जनावराला जन्मभर तोल सावरत जगायला लावणं मला पटत नाही.

पेटी लांब पण उंचीला कमी असेल तर वोमा अजगर पाहा. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मधल्या भागातला, दीडेक मीटरचा, वाळू उकरणारा. त्याच्या ओठांवर इतर बहुतेक अजगरांसारख्या उष्णता टिपणाऱ्या खळग्या नसतात. त्याला खोल, भुसभुशीत, कोरडा थर हवा. खाण्याच्या बाबतीत मात्र तो अधाशी, हात दिसला तरी आधी तोंड उघडतो. आग्नेय आशियातला ब्लड अजगर चार ते सहा फुटांचाच, पण अंगाने इतका जाड की वजन पाहून चकित व्हायला होतं. तो चढत नाही. त्याला रुंद जमीन, दमट हवा आणि जरा कमी उष्णता लागते. हिरवा वृक्ष अजगर आडव्या फांदीवर वेटोळं घालून बसतो. तो पाहण्यासाठी घ्यावा, हातात खेळवण्यासाठी नाही.

आणि मोठे? बर्मी अजगराचं पिल्लू हातभर असतं आणि चांगलं खात राहिलं तर दोन-तीन वर्षांत एका माणसाला उचलेनासं होतं. पूर्ण वाढलेली मादी चार-पाच मीटरची. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत सुटलेल्या आणि सोडून दिलेल्या पाळीव अजगरांपासून जी प्रजा वाढली, तिने तिथले रॅकून, ओपोसम, ससे जवळपास दिसेनासे केले. २०१२ मध्ये अमेरिकेने या जातीची आयात बंद केली. २०२३ मध्ये फ्लोरिडातच ५.८ मीटरचा एक अजगर पकडला गेला. जाळीदार अजगर त्याहून लांब. अमेरिकेतल्या 'मेडुसा' नावाच्या मादीची नोंद ७.६७ मीटर आहे. अशा सापाला पेटी नाही, खोली लागते. शिवाय अडीच मीटरच्या पुढचा कोणताही अजगर हाताळताना दुसरा मोठा माणूस शेजारी हवाच. घरात एकटे राहत असाल तर हा प्रश्न इथेच संपला. जाळीदार अजगराच्या छोट्या बेटांवरच्या बुटक्या वाणांची जाहिरात होते, पण संकरित पिल्लू नेमकं किती वाढेल याची हमी विकणाराही देऊ शकत नाही.

जात ठरली की साप आणण्याआधी पेटी पुरी करा आणि रिकामीच दोन आठवडे चालवा. मोठ्या पेटीत ऊब राखणं लहान पेटीपेक्षा अवघड असतं. एका टोकाला बसण्याच्या जागी ३१ ते ३३ अंश सेल्सियस, दुसऱ्या टोकाला २४ ते २६, असा उतार बहुतेक अजगरांना मानवतो. ब्लड अजगराला वरचा आकडा थोडा खाली ठेवा. एकच दिवा लावला तर वाटीएवढी जागा भाजते आणि बाकी अंग गार राहतं. म्हणून दोन दिवे शेजारी शेजारी किंवा छताला रेडियंट पॅनेल (खाली उष्णता सोडणारी सपाट पाटी) लावावं, म्हणजे अख्खं वेटोळं एकसारखं शेकतं. प्रत्येक उष्णतेच्या साधनाला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आपोआप राखणारं बटण, हवा आणि प्रत्येक दिव्याला जाळी. अजगर उघड्या दिव्याला विळखा घालून बसतो आणि कातडी जळेपर्यंत सोडत नाही. तापणारे कृत्रिम दगड वापरू नका, कारण तेच. थर्मोस्टॅटच्या काट्यावर विसंबून न राहता इन्फ्रारेड थर्मामीटरने स्वतः मोजा: सकाळी, दुपारी, पहाटे. वीज गेली तर किती तासांत पेटी गार पडते, हेही या रिकाम्या पंधरवड्यातच मुद्दाम बंद करून पाहा.

तळाला नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा भुगा चांगला. देवदार आणि पाइनचा भुसा नको, त्यातले तेलकट अंश श्वसनमार्गाला त्रास देतात. आठ बाय तीन फुटांच्या तळाला दहा सेंटिमीटर थर द्यायचा तर सव्वादोनशे लिटरच्या आसपास माल लागतो. त्याचं वजन, पाण्याची कुंडी, फांद्या, सगळं धरून जमीन आणि स्टँड पेलतील का, ते आधी बघा. लाकडी पेटी असेल तर आतून पाण्याला दाद न देणारा मुलामा द्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत उघडी ठेवा. फांद्या आतून स्क्रूने घट्ट बसवा. सहा फुटांचा अजगर अंगाचं सगळं वजन एका फांदीवर टाकतो आणि सैल फांदी त्याच्याच अंगावर पडते. लपायला दोन जागा तर हव्याच, एक उबेत आणि एक गारव्यात, आणि दोन्ही अंगाला घासतील इतक्या अरुंद.

कुलूप. यावर मी जरा थांबणार आहे. २०१३ मध्ये कॅनडातल्या कॅम्पबेल्टन गावात एक आफ्रिकन रॉक अजगर आपल्या पेटीतून हवेच्या नळीत शिरला, छत कोसळून खालच्या खोलीत पडला आणि तिथे झोपलेल्या दोन लहान मुलांचा जीव गेला. अजगराला फट दिसत नाही, तो ती नाकाने आणि जोराने शोधतो. सरकत्या काचेला कुलूप, हवेच्या प्रत्येक झरोक्याला स्क्रूने बसवलेली जाळी, तारा आत जातात त्या भोकांना झाकण, आणि पेटी असलेल्या खोलीचं दारही बंद होणारं. रोज रात्री कुलूप ओढून पाहायचं, ही सवय साप येण्याआधीच लावून घ्या.

मग साप निवडायला जा. पैदास केंद्रात जन्मलेलाच घ्या. 'फार्म ब्रेड' या शब्दामागे अनेकदा रानातल्या गाभण मादीची अंडी असतात. विकणाऱ्याकडे खाण्याची वही मागा: काय खाल्लं, किती दिवसांनी, मेलेला उंदीर घेतो का. तुमच्यासमोर एकदा खाताना पाहता आलं तर उत्तमच. साप हातात घेतल्यावर त्याने पकडायला हवं, लोंबकळायला नको. तोंडातून बुडबुडे, उघड्या तोंडाने श्वास, शिट्टीसारखा आवाज असेल तर परत ठेवा. हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेला काळे ठिपके हलताना दिसले तर ते माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे. पोटाचे खवले तपकिरी किंवा फोड आलेले नकोत. कात अर्धवट अडकलेली एखाद्या वेळी चालेल, डोळ्यांवर थरावर थर साचलेले नकोत. घरात आधीपासून साप असतील तर नव्याला वेगळ्या खोलीत किमान तीन महिने ठेवा आणि सर्पेंटोव्हायरस या सापांच्या श्वसनमार्गाला ग्रासणाऱ्या विषाणूची चाचणी करून घ्या. सरपटणारे प्राणी पाहणारा पशुवैद्य त्याआधीच शोधून, फोनवर बोलून ठेवलेला हवा. सापाची तब्येत बिघडल्यावर तो शोधायला वेळ मिळत नाही.

घरातल्या माणसांशी बोलणंही यादीत आहे. फ्रीजरमध्ये उंदीर राहणार, त्यासाठी वेगळा डबा किंवा वेगळा फ्रीजर लागेल. अजगर वीस-तीस वर्षं जगतात. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल अजगर मादीने २०२० मध्ये अंडी घातली तेव्हा ती साठीच्या पुढे होती. तुम्ही शहर बदललं, आजारी पडलात, तर तो कोणाकडे जाईल, ते नाव लिहून ठेवा आणि त्या माणसाला विचारून ठेवा.

पिल्लू आणलं असेल तर आठ फुटांच्या पेटीत सोडण्याआधी ती पाल्यापाचोळ्याने, सालींनी, कृत्रिम वेलींनी इतकी भरा की समोरून मागची भिंत दिसणार नाही. पहिला आठवडा फक्त पाणी बदलायचं, हात लावायचा नाही. आठवड्याने सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाइतकाच, ऊन पाण्यात नीट वितळवलेला उंदीर लांब चिमट्याने द्यावा. खाल्ल्यावर दोन दिवस पेटी उघडू नका. नाही खाल्लं तर उंदीर काढून टाका, दहा दिवस थांबा, पुन्हा द्या. तीन वेळा नीट खाल्लं, की मग पहिल्यांदा हाताळा. आधी हुकाने (साप हाताळायच्या वाकड्या टोकाच्या काठीने) अंगाला हलका स्पर्श करा, म्हणजे आता जेवण येणार नाही हे त्याला कळेल, आणि मग शेपटीच्या बाजूने नव्हे, अंगाच्या मध्याखाली दोन्ही हात घालून उचला.