ऑनलाइन तासाला मुलं टिकवायची तर आधी वही

जून २०२० मध्ये मी दहावीच्या गणिताचा तास फोनवरून सुरू केला तेव्हा ३४ मुलं होती. दीड महिन्यात ११ उरली. पाटण तालुक्यातल्या वाड्या, पावसाचे दिवस, रेंजचा पत्ता नाही, म्हणून येत नसतील असं मी धरून चालले होते. मग एकेका घरी फोन लावला. एका मुलीनं सांगितलेलं अजून तसंच्या तसं आठवतं: "मॅडम, मी रोज बसत होते. पण मी बसले काय नि उठून गेले काय, तुम्हाला कळतच नव्हतं."

तेव्हापासून तास घ्यायची पद्धत बदलत गेले. आजही वाड्यांवरच्या २२ मुलांचा तास संध्याकाळी फोनवरच होतो. शाळेचा जादा तास असो की घरची शिकवणी, तुम्ही ऑनलाइन शिकवत असाल तर यातलं बरंचसं तुम्हालाही लागू पडेल.

वही त्याच रात्री परत

बाकी काही जमलं नाही तरी हे सोडू नका. मी रोज तीनच उदाहरणं देते. मुलं नऊपर्यंत पानाचे फोटो पाठवतात. एका फोटोत एकच पान, वर हजेरी क्रमांक, आणि दिवा पाठीमागे ठेवायचा नाही, नाहीतर पानावर स्वतःचीच सावली पडते. उत्तरादाखल मी नुसतं 'बरोबर', 'चूक' किंवा अंगठा पाठवत नाही. जिथं गाडी अडली त्या ओळीबद्दल बोलते.

परवाचंच सांगते. ७, १३, १९, २५ या अंकगणिती श्रेढीचं १९ वं पद काढायचं होतं. एका मुलानं १९ गुणिले ६ करून त्यात ७ मिळवले आणि १२१ हे उत्तर चौकटीत लिहून पाठवलं. सूत्र पुन्हा धाडलं असतं तर त्यानं ते नुसतं उतरवून घेतलं असतं. म्हणून आवाजी निरोप पाठवला: "गुणाकार अगदी बरोबर आहे तुझा. आता सांग, पहिल्या पायरीवर उभा आहेस, एकोणिसाव्या पायरीवर जायला किती पायऱ्या चढशील? बोटांवर मोज आणि ती ओळ पुन्हा लिही." दहा मिनिटांत फोटो आला. १९ खोडून १८ केलेले, खाली ११५. दुसऱ्या दिवशी तो तासाला पाच मिनिटं आधीच हजर होता.

वह्या बघून असे २२ निरोप पाठवायला मला तासभर लागतो. मुलं जास्त असतील तर निम्म्या वह्या आज, निम्म्या उद्या घ्या. फक्त कोणाचा दिवस कोणता ते आधी सांगून ठेवा. कबूल केलेल्या रात्री वही परत गेली नाही की मूल पुढच्या वेळी पाठवायचं टाळतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

तास छोटा, हात चालता

आधी विचारा, फोन घरी किती वाजता येतो. आमच्याकडे बहुतेक घरांत तो वडिलांबरोबर कामावर जातो, म्हणून तास साडेसातला. झूमवर पैसे न भरता ४० मिनिटं मिळतात. मी ३५ मिनिटांतच आवरते. त्यातली बारा मिनिटं माझी, उरलेल्या वेळात मुलं सोडवतात. तेव्हा शांतता पसरते. ती बोलून भरून काढू नका, पलीकडे पेन चालू असतं.

तास बुडालेल्यांसाठी रेकॉर्डिंग करताना एका व्हिडिओत एकच उदाहरण घेते. संशोधक फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांतले व्हिडिओ सुमारे ६९ लाख वेळा पाहिले गेल्याच्या नोंदी तपासल्या होत्या. व्हिडिओ कितीही मोठा असो, पाहण्याच्या वेळेचा मध्यक सहा मिनिटांच्या वर जात नव्हता.

महागडा फळा लागत नाही. दोन उंच डब्यांवर एक फळी आडवी टाका, तिच्यावर फोन स्क्रीन वर करून ठेवा आणि मागचा कॅमेरा फळीच्या कडेबाहेर येऊ द्या. खाली कोरा कागद, जाड स्केचपेन. एका पानावर पाचच ओळी, कारण पलीकडचा स्क्रीन तळहाताएवढा असतो. रचना दाखवताना कंपास धरलेला हात आकृतीवर येतो, तेव्हा कागद थोडा तिरका करा.

मुलांना कॅमेरा चालू करायला लावू नका. एका खोलीचं घर असतं, मागे कोणी जेवत असतं, कोणी आजारी असतं. त्याऐवजी नाव घेऊन विचारा. हजेरीला 'हजर' म्हणण्याऐवजी मी प्रत्येकाला कालच्या वहीतलं एक उत्तर विचारते.

मुलांची आपसात गाठ

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये शिकणाऱ्याची तीन नाती मांडली: विषयाशी, शिक्षकाशी आणि सोबतच्या विद्यार्थ्यांशी. तिसऱ्याकडे माझं दोन वर्षं लक्षच नव्हतं. आता जोड्या लावते, शक्यतो वेगवेगळ्या वाड्यांतल्या. तासाआधी एकमेकांना फोन करून एक उदाहरण तोंडी समजावायचं. वर्गात कधी न बोलणारी मुलं तिथं भरभरून बोलतात.

आवडतं का, हे कसं विचारावं

"तास कसा वाटतो?" असं विचारलंत तर "छान" एवढंच ऐकू येईल. मी पंधरा दिवसांनी विचारते: कोणत्या दिवशी मध्येच उठून जावंसं वाटलं, आणि तेव्हा काय चाललं होतं? पहिल्यांदा विचारलं तेव्हा सात जणांनी भूमितीचे दिवस सांगितले. आकृती काढेपर्यंत मी पुढे निघून गेलेली असायची. तेव्हापासून भूमितीची आकृती दुपारीच पाठवते, मुलं ती काढूनच बसतात. काय बदललं आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे तासाला सगळ्यांसमोर सांगा. पुढच्या वेळी मुलं आणखी मोकळेपणानं सांगतात.

आठवड्याचं वेळापत्रक रविवारी पाठवा आणि मग त्यात बदल करू नका.

सलग दोन तास कोणी आलं नाही तर तिसऱ्या दिवशी स्वतः फोन करा. का आला नाहीस, हे विचारायचं नाही. कुठून सुरुवात करायची तेवढं सांगायचं: "सराव संचातलं चौथं उदाहरण आज कर, पहिली तीन मी उद्या तासाआधी तुला सांगते."