रंध्याच्या मशीनचा खड्डा

फणसाच्या फळीची कड सरळ करायला घेतली की शेवटच्या दोन-अडीच इंचांत हमखास खड्डा. डिचोलीतल्या माझ्या पडवीत हे महिनाभर चाललं. मी ब्लेडना धार लावून आणली, फळी बदलली, पावसाळी दमट हवेला दोष दिला. शेजारचे मेस्त (सुतार) आले, बघून म्हणाले, "मागचं टेबल खाली बसलंय रे." म्हणजे रंधून झालेली फळी ज्यावर सरकते ते.

आधी प्लग काढला, नुसतं बटण बंद केलं नाही. मागच्या टेबलावर सरळ लाकडी पट्टी ठेवून पुढचं टोक ब्लेडवर येऊ दिलं आणि ब्लेडचा रोलर हाताने फिरवला. पाती पट्टीला फारच पुढे ओढत होती! टेबल केसभर वर घेतलं, तेव्हा पट्टी तीनेक मिलिमीटरच पुढे सरकली. प्रत्येक ब्लेडने, दोन्ही टोकांना, पट्टी तेवढीच सरकायला हवी. एक पातं एका बाजूला कमी सरकवत होतं. त्यातच अर्धा दिवस गेला. फेन्स (फळी टेकवायची उभी बाजू) गुण्याने काटकोनात आणला, टेबलावरचा गंज घासून मेण लावलं.

आता फळी सपाट निघते. ब्लेडवरचं गार्ड मात्र काढत नाही, आणि फूटभरापेक्षा लहान तुकडा हातरंध्यानेच.