चावी की लाल बटण? गाडी बंद करताना या चुका टाळा

एका रविवारी घामाघूम होईपर्यंत किक मारल्या, प्लग काढून घासला, शेवटी गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. त्याने काही न बोलता हँडलवरचं लाल बटण दाबलं आणि पहिल्याच किकला गाडी चालू केली. शेजारच्या पोराने खेळता खेळता ते, म्हणजे इंजिन तोडणारा किल स्विच, बंद केलं होतं. मेकॅनिकने पैसे घेतले नाहीत, नुसता हसला. तेच जास्त लागलं.

तेव्हा गाडी चालू होत नसेल तर प्लगला हात लावायच्या आधी उजव्या हँडलकडे बघा. किल स्विच बंद असला की काही गाड्यांचा सेल्फ फिरतच नाही, काहींचा फिरतो पण गाडी पकडत नाही.

किल स्विचने इंजिन खराब होतं, हे मी कितीतरी जणांकडून ऐकलंय. तसं काही नाही. तोही ठिणगी तोडतो आणि चावीही तेच करते. इंजेक्शनच्या गाडीत (जिथे कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पेट्रोल सोडते) त्यासोबत पेट्रोलही थांबतं. इंजिनाला दोन्ही सारखंच. उलट आठवड्यातून एकदा तरी हे बटण वापरावं. पावसाळ्यात त्यात चिखल-पाणी जाऊन ते अडकतं, आणि गाडी पडली किंवा अॅक्सिलेटर अडकला की त्याचीच गरज असते.

खरी चूक पुढे होते. इंजिन थांबलं की आपण निघतो आणि चावी चालूच राहते. आता बल्बवाल्या गाडीत मागचा दिवा आणि मीटर मिळून १० वॉट धरले तर १२ व्होल्टवर साधारण ०.८ अँपिअर जातात. छोट्या गाड्यांची बॅटरी ३-४ अँपिअर-अवरची असते, म्हणजे नवी असली तरी पाचेक तासांत झोपते. हिरोच्या आयथ्रीएस (i3S) यंत्रणेच्या गाडीवाल्यांनी तर जास्तच जपावं: न्यूट्रलमध्ये थोडा वेळ उभी राहिली की गाडी आपोआप बंद पडते, म्हणून ‘बंद झाली’ समजून माणूस दुकानात शिरतो. बटण काहीही दाबा, शेवटी चावी खिशात आली पाहिजे.

साईड स्टँड लावून किंवा गिअरमध्ये क्लच सोडून गाडी बंद करणारेही आहेत. क्लच सोडला की चेनला आणि गिअरबॉक्सला झटका बसतो. स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद करणारा स्टँडचा स्विच विसरभोळ्यांसाठी आहे, रोजच्या कामासाठी नाही. तसंच, न्यूट्रलमध्ये नीट चालणारी गाडी स्टँड वर असूनही गिअर टाकताच मरत असेल, तर आधी हा स्विच तपासा. बहुधा चिखल साचलेला असतो.

बंद करायच्या आधी ‘घुर्रर्र’ करून रेस देण्याची जुनी सवय सोडा. कार्बोरेटरच्या गाडीत न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जातं आणि फटाका फुटतो. शेजारीही शिव्या देतात. घाट चढून आल्यावर एअर-कूल्ड गाडी उभ्या-उभ्या दहा मिनिटं चालू ठेवूनही ती थंड होत नाही, कारण वारा लागतच नाही. शेवटचा किलोमीटर हळू आणा, ते पुरतं.

घाटावरून आठवलं. उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणं, हा प्रकार अजून दिसतो. खंबाटकीत किंवा वरंधात हे करू नका. इंजिनाची ओढ गेली की सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापतात आणि लागेनासे होतात. चावीच बंद केली असेल तर ब्रेकलाइटही जातो, मागच्याला तुम्ही थांबताय हे कळत नाही. आणि वाचतं काय? बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये अॅक्सिलेटर पूर्ण सोडला की पेट्रोल स्वतःच तोडतात. खालच्या गिअरमध्ये उतरा.

उतारावर उभी करायची असेल तर इंजिन बंद केल्यावर पहिला गिअर टाका आणि गाडी अडकेपर्यंत किंचित सरकू द्या. मगच स्टँडवर सोडा. जुन्या गाडीला पेट्रोल कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) असेल तर रात्री तोही बंद करा. म्हणजे कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत असला तरी सकाळी गाडीखाली पेट्रोलचा डाग दिसणार नाही.